वाचणारे डोळे

पुस्तकात दंग झालेल्या मनुष्याकडे पाहावे. मान स्थिर असते, हात स्थिर असतात, ओठ मिटलेले असतात. ओळीमागून ओळ आणि पानामागून पान सरत जाते. पाहणाऱ्यास वाटते की, संथ पाण्यावरून होडी जावी तशी ह्याची नजर ओळीवरून अखंड सरकत असली पाहिजे. खुद्द वाचणाऱ्यालाही तसेच वाटत असते. परंतु ही समजूत खरी नाही. वाचताना डोळा सरकत नाही. तो उड्या मारतो. अंगणात दाणे टिपणारी चिमणी जशी टुणकन उडी मारते, क्षणभर थांबते, दाणा टिपते आणि पुन्हा उडी मारते, तशीच डोळ्याची चाल असते.

ह्याची खात्री करून घेण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. वर्तमानपत्राच्या पानाच्या मध्यभागी वाटाण्याएवढे भोक पाडावे. एकाने ते पान समोर धरून मनातल्या मनात वाचावे आणि दुसऱ्याने पानाच्या मागील बाजूने त्या भोकाला डोळा लावून वाचणाऱ्याचे डोळे पाहावे. बुबुळे हिसक्याहिसक्याने हलताना दिसतील. एक ओळ संपेपर्यंत किती हिसके बसले ते मोजावे. मग त्याच मुलाला तेवढ्याच लांबीच्या ओळींचे इंग्रजी पान वाचावयास द्यावे आणि पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवावेत. पुढे त्यांचा उपयोग होणार आहे.

डोळ्याला उड्या का माराव्या लागतात? डोळ्याच्या आत, मागील बाजूस दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो आणि बाहेरच्या वस्तूंची प्रतिमा त्यावर उमटते. ह्या पडद्याच्या मध्यभागी एक अगदी लहानसा खळगा आहे. बारीक अक्षराची प्रतिमा ह्या खळग्यावर पडली तरच ते अक्षर स्पष्ट दिसते. हात लांब करून अंगठा उभा धरला असता अंगठ्याचे नख जेवढी जागा व्यापते, साधारणपणे तेवढाच जगाचा तुकडा आपणांस एका वेळी नीट दिसत असतो. बाकीचे सारे धूसर असते. नजर सारखी फिरत असल्यामुळे तो धूसरपणा आपल्या ध्यानात येत नाही इतकेच. ओळीच्या मध्यावरील एका शब्दावर नजर खिळवून, ती यत्किंचितही न हलवता, त्याच ओळीचा शेवटचा शब्द वाचण्याचा प्रयत्न करून पाहावा. तो जमत नाही. म्हणून डोळ्याला तो खळगा एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर नेऊन ठेवावा लागतो. ह्यालाच आपण उडी म्हणू आणि दोन उड्यांमधील थांबण्याला मुक्काम म्हणू.

उडी चालू असताना डोळ्यास जवळजवळ काहीच दिसत नाही, ही आणखी एक मौज. आरशासमोर उभे राहून स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहावे, मग उजव्या डोळ्याकडे पाहावे. आपले डोळे हलताना आपणांस कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या भावंडाला मात्र ते हललेले स्वच्छ दिसतील. तात्पर्य, वाचन घडते ते मुक्कामात, उडीत नव्हे.

ह्या गोष्टीकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले त्यास आता जवळजवळ दीडशे वर्षे होत आली. पॅरिस येथे एमिल जाव्हाल नावाचे एक नेत्रवैद्य होते. १८७८-७९ ह्या काळात त्यांनी वाचनक्रियेविषयी लेखमाला लिहिली आणि डोळा हिसक्यांनी चालतो असे नमूद केले. ह्या हिसक्यांना त्यांनी 'सॅकाद' हा फ्रेंच शब्द वापरला. घोड्याचा लगाम एकाएकी ओढला असता जो झटका बसतो, त्याला तो शब्द लावीत असत. शास्त्रीय ग्रंथांत डोळ्याच्या उडीला आजही तेच नाव आहे. जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेत लामार नावाचे एक संशोधक काम करीत असत. त्यांनी वाचणाऱ्याच्या पापणीवर एक नाजूक साधन टेकवून ते रबरी नळ्यांनी आपल्या कानांना जोडले. डोळ्याने उडी मारली की कानात बारीकसा आवाज येई, आणि असे आवाज मोजून ते उड्या मोजीत. डोळ्यांची चाल प्रथम मोजली गेली ती अशी कानांनी!

जाव्हाल यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. काचबिंदूच्या विकाराने त्यांची दृष्टी हळूहळू मंदावत गेली आणि १९०० च्या सुमारास ती पूर्णपणे नाहीशी झाली. तरीही ते स्वस्थ बसले नाहीत. अंधांनी आपला दिनक्रम कसा चालवावा ह्यावर १९०३ साली त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले. सर्व देशांतील लोकांना सहज शिकता यावी म्हणून रचलेल्या एस्पेरान्तो ह्या भाषेचे ते पुरस्कर्ते झाले. आणि त्या भाषेतील काही अक्षरांच्या डोक्यावरील खुणा वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रासदायक होतात, अशी तक्रारही त्यांनी केली. स्वतःचे डोळे गेल्यावरही दुसऱ्यांच्या डोळ्यांची काळजी त्यांना सुटली नाही.

पुढे अमेरिकेत एडमंड ह्यूई ह्यांनी एक धाडसी उपाय योजला. वाचणाऱ्याचा डोळा औषधाने बधिर करून त्यावर त्यांनी प्लास्टरची एक इवलीशी वाटी बसविली. वाटीच्या मधोमध पाहण्यापुरते छिद्र होते आणि तिला अॅल्युमिनियमचा हलका काटा जोडलेला होता. डोळा हलला की काटा हले आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटे. हा प्रयोग वाचूनच अंगावर काटा येतो, आणि तो कोणी घरी करून पाहू नये हे सांगावयास नकोच. सुदैवाने लवकरच, १९०१ साली, रेमंड डॉज आणि त्यांचे सहकारी ह्यांनी डोळ्याला स्पर्शही न करता, त्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे छायाचित्र घेण्याची रीत काढली. आजची यंत्रे ह्याच रीतीची वंशज होत. त्यांतून डोळ्यावर न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा मंद प्रकाश सोडतात. वाचणारा हनुवटी एका टेकूवर ठेवून समोरच्या पडद्यावर वाचीत बसतो आणि कॅमेरा एका सेकंदात हजार वेळा त्याच्या नजरेची जागा टिपून घेतो.

अशा मोजणीतून काय कळले? इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा आहे अशा तरबेज वाचकाचा डोळा एका ठिकाणी सुमारे पाव सेकंद थांबतो. एका उडीत तो सात ते नऊ अक्षरे ओलांडतो. शंभरांपैकी दहापंधरा उड्या पुढे नव्हे तर मागे असतात, म्हणजे वाचलेल्या मजकुराकडे तो पुन्हा वळून पाहतो. सुमारे एक तृतीयांश शब्दांवर तो मुक्कामच करीत नाही. लहान व नेहमीचे शब्द तो वरच्यावर ओलांडून जातो. परंतु ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. सगळे मुक्काम सारखे नसतात. ओळखीच्या शब्दावर डोळा अल्पकाळ टेकतो. क्वचित भेटणाऱ्या शब्दावर तो रेंगाळतो. अक्षरांची संख्या तेवढीच असली तरी हा फरक पडतो. म्हणजे मुक्काम किती वेळ करावयाचा हे डोळा ठरवीत नाही, मन ठरविते. शब्द मनाने ओळखला की मगच डोळ्याला पुढे निघण्याची परवानगी मिळते. म्हणूनच डोळ्याची चाल पाहून मनात चाललेले काम थोडेफार वाचता येते.

हे एकदा ध्यानात आल्यावर एक प्रश्न आपोआपच उभा राहिला. मनुष्य मातृभाषा सोडून दुसरी भाषा वाचू लागला म्हणजे त्याच्या डोळ्यांचे काय होते? डोळे तर तेच असतात. शिकागो विद्यापीठातील गाय बझ्वेल ह्यांनी शाळा-कॉलेजांत फ्रेंच, जर्मन व स्पॅनिश शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या डोळ्यांची चाल फिल्मवर टिपली आणि १९२७ साली त्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पण त्या काळी एकेका वाचकाची फिल्म डोळ्यांत तेल घालून तपासावी लागे, त्यामुळे थोडेच परिच्छेद वाचून घेणे शक्य होते. सबंध पुस्तक वाचून घ्यावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली.

ते काम बेल्जियम देशातील गेंट विद्यापीठात झाले. बेल्जियमच्या उत्तर भागातील लोकांची भाषा डच आहे. तेथील मुले शाळेत इंग्रजी शिकतात, आणि विद्यापीठात येईपर्यंत ती बहुतेकांस चांगली अवगत झालेली असते. संशोधकांनी असे १९ विद्यार्थी निवडले आणि त्यांच्यापुढे अॅगाथा ख्रिस्ती ह्यांची एक रहस्यकथा ठेवली. मातृभाषाच तेवढी येणाऱ्या १४ इंग्रज वाचकांनीही ती वाचली. ही लेखिकेची पहिलीच कादंबरी. ती १९२० साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यातच हर्क्यूल प्वारो हा नामांकित गुप्तहेर वाचकांस प्रथम भेटला. गंमत अशी की, हा प्वारो स्वतः बेल्जियमचा रहिवासी आहे आणि कथेत इंग्रजी ही परक्याची भाषा म्हणून बोलतो! प्रत्येक बेल्जियन विद्यार्थ्याने अर्धी कादंबरी डच भाषांतरात वाचली आणि उरलेली अर्धी मूळ इंग्रजीत. वाचन चार बैठकींत पुरे झाले. एक वाक्य नव्हे, एक उतारा नव्हे, तर खून कोणी केला हे कळेपर्यंतची सगळी गोष्ट. कॅमेऱ्याने त्यांच्या नजरेचा प्रत्येक मुक्काम टिपला.

ह्या वाचनाविषयीचा एक प्रबंध २०१५ साली आणि मोजणीचा संपूर्ण संग्रह २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्याच विद्यार्थ्याला डचपेक्षा इंग्रजी वाक्य वाचावयास सुमारे २० टक्के अधिक वेळ लागत होता. इंग्रजीत त्याचे मुक्काम २१ टक्के अधिक होते. त्याच्या उड्या १२ टक्के आखूड होत्या. शब्द ओलांडून जाण्याचे प्रमाणही इंग्रजीत घटले होते. मातृभाषेत ढांगा टाकीत चालणारा मनुष्य अनोळखी वाटेवर पाऊल जपून टाकू लागतो, तसा हा प्रकार होता. मात्र एका बाबतीत अपेक्षेच्या उलट घडले. दुसऱ्या भाषेत वाचणारा मनुष्य वारंवार मागे वळून पाहत असेल असे कोणासही वाटेल. पण मागे वळण्याचे प्रमाण दोन्ही भाषांत सारखेच आढळले. हे विद्यार्थी गोंधळून मागे येत नव्हते. सावकाश, पण पुढेच चालले होते.

आखूड उड्या, पुष्कळ मुक्काम आणि क्वचितच ओलांडलेले शब्द ही लक्षणे संशोधकांना अपरिचित नव्हती. नुकतेच वाचावयास शिकलेल्या मुलांचे डोळेही असेच चालतात. विद्यापीठात शिकणारा, मातृभाषेत धडाधड वाचणारा तरुण दुसऱ्या भाषेचे पान उघडताच त्याच्या डोळ्यांना सातआठ वर्षांच्या मुलाची चाल येते. त्याची बुद्धी कमी झालेली नसते, त्याची दृष्टी अधू झालेली नसते. तोच तरुण डच पान हाती घेताच पुन्हा मातृभाषेच्या वाचकासारखा भरभर वाचू लागतो.

महाराष्ट्रातील हजारो वर्गांत जे नित्य घडते त्यावर ह्या मोजणीने चांगला प्रकाश पडतो. मराठी धडा खणखणीत वाचणारी मुलगी इंग्रजी धडा वाचावयास उभी राहिली की शब्दाशब्दावर थांबते. मागच्या बाकांवर खसखस पिकते. कधीकधी तिला स्वतःलाच वाटू लागते की आपण मंद आहोत, आणि मग ती हात वर करीनाशी होते. घरी मराठी नव्हे तर गोंडी, भिल्ली, कोरकू ह्यांसारखी भाषा बोलणाऱ्या मुलाला हाच अनुभव मराठीच्या तासाला येतो, हे बाकीची मुले सहसा ध्यानात घेत नाहीत. अशा मुलामुलींना मंद म्हणणे हा निव्वळ अन्याय होय. प्रारंभी केलेल्या प्रयोगाचे दोन आकडे ज्यांनी लिहून ठेवले असतील, त्यांनी ते आता पाहावेत. इंग्रजीतील हिसके अधिक भरले असतील, तर ते वर्गातील सर्वांत हुशार मुलाचेही अधिकच भरण्याचा संभव आहे.

डोळे का रेंगाळतात ह्याचे उत्तरही ह्याच कादंबरीच्या वाचनातून काढण्यात आले. क्वचित भेटणाऱ्या शब्दावर मुक्काम लांबतो हे वर आलेच आहे. मातृभाषेतही तो लांबतो. परंतु दुसऱ्या भाषेत फारच अधिक लांबतो. ह्याचे कारण साधे आहे. मातृभाषेतील 'दार' हा शब्द बारा वर्षांच्या मुलाच्या कानांवरून व डोळ्यांखालून असंख्य वेळा गेलेला असतो. दुसऱ्या भाषेतील तोच अर्थ दाखविणारा शब्द त्या मानाने अगदी थोड्या वेळा भेटलेला असतो. जो शब्द त्या भाषेच्या लोकांना नेहमीचा, तो नवख्याला क्वचितचा असतो. आणि त्यांना जो क्वचितचा, तो नवख्याला जवळजवळ परकाच. दर भेटीगणिक ओळख वाढते आणि मुक्काम थोडाथोडा कमी होत जातो. ह्यात भाषा शिकण्याच्या एखाद्या जन्मजात देणगीचा प्रश्न नसून भेटींच्या संख्येचा प्रश्न आहे.

दोन भाषा जाणणाऱ्याच्या मनात त्या दोन भाषा दोन बंद खोल्यांत राहत असतील का? एक वाचताना दुसरी निजत असेल का? गेंट येथील संशोधकांनी २००९ साली ह्याचाही छडा लावला. डच आणि इंग्रजी ह्या भाषांत काही शब्द अगदी एकच आहेत. अर्थही तोच आणि अक्षरेही तीच. भट्टीसारखी पेटी ह्या अर्थाचा 'ओव्हन' हा त्यांपैकी एक. विद्यार्थ्यांना केवळ डच वाक्ये, म्हणजे मातृभाषेतील वाक्ये वाचावयास दिली; त्यांत इंग्रजीचा मागमूसही नव्हता. तरीही दोन्ही भाषांत असलेल्या शब्दावरून त्यांची नजर केवळ डच शब्दापेक्षा चटकन पुढे गेली. म्हणजे मातृभाषा वाचतानाही दुसरी भाषा आत जागीच होती आणि हळूच मदत करीत होती.

मराठी आणि हिंदी ह्या भाषांची लिपी एकच असल्यामुळे आपणांस असे सोबती पुष्कळ मिळतात. 'नदी', 'पुस्तक', 'आकाश' हे शब्द हिंदीच्या पानावर भेटले की जुना मित्र भेटल्यासारखे वाटते. पण सोबत्यांच्या वेषात फसवे शब्दही येतात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठी मुलाला तो शब्द पाहून छडी आठवते. हिंदीत 'संसार' म्हणजे सारे जग. मराठीत त्याचा अर्थ चूल, मूल आणि घर एवढाच होतो. अशा शब्दापाशी वाक्याचा अर्थ जुळेनासा झाला की नजर तेथे पुन्हा येऊन अडखळते.

भाषेबरोबर डोळ्यांची एक निराळीच सवय बदलते. तिचा शोध अमेरिकेत लागला. १९७५ साली तेथे एक युक्ती योजण्यात आली. वाचणाऱ्याची नजर जेथे असेल तेथील थोडीच अक्षरे पडद्यावर खरी ठेवावयाची आणि बाकीच्या अक्षरांच्या जागी भलतीच अक्षरे घालावयाची. नजर हलली की ही खऱ्या अक्षरांची खिडकीही तिच्याबरोबर हले. खिडकी लहानमोठी करून पाहता असे आढळले की, इंग्रजी वाचकाला मुक्कामाच्या डावीकडील तीनचार अक्षरांचाच उपयोग होतो. उजवीकडील मात्र चौदापंधरा अक्षरांपर्यंतची काही ना काही चाहूल लागते. इंग्रजी डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणून मन पुढच्या वाटेवर अगोदरच लक्ष ठेवते.

मग हिब्रू भाषेचे काय? ती उजवीकडून डावीकडे लिहितात. १९८१ साली दोन्ही भाषा जाणणाऱ्या इस्राएली वाचकांवर हीच युक्ती करून पाहिली. हिब्रू वाचताना त्यांचे लक्ष डावीकडे अधिक पसरलेले होते. आणि तेच वाचक इंग्रजी वाचू लागताच ते उजवीकडे पसरले. डोळे तेच, मनुष्य तोच. भाषा बदलताच लक्षाने कूस बदलली! २०१४ साली उर्दू आणि इंग्रजी जाणणाऱ्या वाचकांतही असेच आढळले. मालेगाव, भिवंडी येथील उर्दू शाळांतील मुलांना ही कसरत अंगवळणी पडलेली असते. एका तासाला त्यांची नजर उजवीकडून डावीकडे धावते आणि पुढच्याच तासाला मराठीचे पुस्तक उघडताच ती डावीकडून उजवीकडे निघते. हे ती मुले कोणी न सांगता करतात. आपण काही विशेष करीत आहोत, ह्याची त्यांना जाणीवही नसते.

असे प्रयोग केवळ परदेशांतच होतात असे नाही. मुंबईस पवई येथील आय.आय.टी. ह्या संस्थेत वाचकांच्या डोळ्यांची चाल टिपण्यात आली आहे. उपरोधाने लिहिलेली इंग्रजी वाक्ये वाचकांना कितपत उमगतात, हे नजरेवरून ओळखता येईल का, असा प्रश्न तेथील संशोधकांनी घेतला आणि २०१६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाहुण्यांसमोर चहाचा कप फोडणाऱ्या मुलाला आई "वा, काय पराक्रम केलास!" असे म्हणते, तेव्हा शब्द स्तुतीचे असतात आणि अर्थ उलटा असतो. मातृभाषेत हे लहान मूलही जाणते. परंतु छापील पानावर, त्यातून दुसऱ्या भाषेत, आईचा चेहरा दिसत नाही आणि आवाजही ऐकू येत नाही. तेथे शब्दांचा आणि प्रसंगाचा मेळ बसत नाही हे मनाला कळावे लागते. ते कळले की नजर त्या विसंगत शब्दांकडे पुन्हा वळते. येथे मागे वळून पाहणे हे अडखळण्याचे नव्हे, तर समजल्याचे चिन्ह ठरते.

ह्या सर्व शोधांत अलीकडचा एक शोध विद्यार्थ्यांच्या विशेष उपयोगाचा आहे. निरनिराळ्या बारा मातृभाषांच्या पाचशेहून अधिक वाचकांना एकच इंग्रजी उतारे वाचावयास देऊन त्यांच्या डोळ्यांची चाल मोजण्यात आली. ह्या वाचकांनी आपापल्या मातृभाषेतील उतारेही वाचले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या अभ्यासात दिसून आले की, इंग्रजीत कोणाचे डोळे किती सफाईने चालतील, हे बरेचसे त्याचे डोळे मातृभाषेत किती सफाईने चालतात ह्यावरून सांगता येते. मातृभाषेच्या पानांवर डोळ्यांना लागलेले वळण दुसऱ्या भाषेच्या पानावरही त्यांच्याबरोबर जाते. घरी गोष्टीची मराठी पुस्तके वाचणाऱ्या मुलास "त्यापेक्षा इंग्रजी वाच" असे सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य विचारात घ्यावी.

परंतु त्याच अभ्यासाने आणखीही एक गोष्ट दाखविली. डोळ्यांची सफाई निराळी आणि अर्थाचे आकलन निराळे. उतारा वाचून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर देणे हे मातृभाषेतील चपळाईवर फारसे अवलंबून नव्हते. ते इंग्रजी शब्दांचा संग्रह केवढा आहे, त्या भाषेची जाण कितपत आहे, ह्यांवर अवलंबून होते. वर्गात दोन मुले इंग्रजी धडा वाचीत असतात. एकाची नजर ओळीवरून झरझर धावते. दुसऱ्याची प्रत्येक शब्दाशी थांबत जाते. धडा कोणाला अधिक समजला हे केवळ वेगावरून सांगता येणार नाही. त्यासाठी त्या दोघांना धड्यावर प्रश्नच विचारावे लागतील.